परड्यातलं गवत आणि बॅटरीचा ट्रिमर: मे ते ऑक्टोबर 2025 च्या नोंदी

18 मे, रविवार

जागा आधी सांगते. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला तीन गुंठ्यांचा प्लॉट. घर, जिना आणि गाडी लावायची फरशी सोडली की मागचं परडं, दोन्हीकडच्या अरुंद बोळी आणि दारापुढची पट्टी मिळून 1,700 चौरस फुटांच्या आसपास माती उरते. परड्यात आंब्याचं कलम, चिकू, शेवगा, कढीपत्त्याची दोन रोपं आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेला अळू. बाकी सगळं गवत. हराळी मुख्य, तिच्यात लव्हाळा, पाऊस लागला की केना, आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटातनं आपल्याकडं सरकत येणारं गाजर गवत.

इतकी वर्षं आषाढात एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा भांगलणीला बायका यायच्या. आता त्या मिळत नाहीत. पाऊस लागला की सगळ्यांच्याच रानात भांगलण निघते. 400 रुपये हजेरी आणि दोन वेळचा चहा देऊनही घरच्या परड्यासाठी कोण येणार? पेट्रोलचं ब्रश कटर घेऊन फिरणारा एक जण आहे. तो खेपेला हजार घेतो आणि त्याच्या सवडीनं येतो. गेल्या श्रावणात तो आला तेव्हा गवत कमरेला लागलं होतं.

म्हणून आता स्वतःचं गवत कापायचं मशीन, म्हणजे ट्रिमर, घ्यायचं. मला एकटीला उचलता आलं पाहिजे, दुपारी मामा (माझे सासरे) झोपलेले असताना चालवता आलं पाहिजे, आणि ओल्या गवतातनं वायर ओढत फिरायचं नाही. यातल्या शेवटच्या अटीवर वायरचं मशीन बाद झालं. ते स्वस्त असतं, दमही जास्त असतो, पण आपल्याकडं गवत वाढतं तेच मुळी पावसात. एक्स्टेन्शनचा जोड चिखलात, हातात फिरतं मशीन, आणि घरातलं ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटन) शेवटचं कधी तपासलं ते कुणालाच आठवत नाही. पेट्रोलचं मशीन सात-आठ किलोचं, त्यात दोरी ओढून चालू करायचं. बांधावरचं गवत कापायला ते हवंच, तीन गुंठ्यांत नको.

25 मे, रविवार

पाऊस आलाच. वळीव म्हणावा तर थांबेना. दारापुढची हराळी चार दिवसांत हिरवी झाली.

धाकट्या दिरांनी ऑनलाइन मागवलेला एक ट्रिमर पडून होता, तो आणून चालवला. किंमत 3,200, सोबत दोन बॅटऱ्या, प्लास्टिकची आणि लोखंडी पाती, आणि बॅटरीवर मोठ्या अक्षरात 48 व्होल्ट. एक बॅटरी दारापुढची पट्टी होईपर्यंत टिकली, दुसरी बोळीच्या निम्म्यात गेली. दीर म्हणाले, "वहिनी, चार्ज नीट झाली नसंल." रात्रभर लावून सकाळी पुन्हा बघितलं. तेच.

मग बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: 290 ग्रॅम. हा हिशोब दुकानात जायच्या आधी प्रत्येकानं करून बघावा. या मशीनांच्या बॅटरीत बोटाएवढे गोल लिथियम सेल असतात आणि एक सेल साधारण 45 ग्रॅमचा असतो. पाच सेल म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, वर प्लास्टिकचा डबा. म्हणजे 290 ग्रॅमच्या डब्यात पाचापेक्षा जास्त सेल बसूच शकत नाहीत. एका सेलचे 3.6 व्होल्ट, पाचांचे 18. काठोकाठ भरल्यावर सेल 4.2 व्होल्टला जातो, म्हणून कुणी 20 लिहितं, कुणी 21. तिन्ही आकडे एकाच बॅटरीचे. 48 मात्र कशानंही होत नाही. तेवढ्याला असले तेरा सेल ओळीनं लागतील.

पुढचा हिशोब ॲम्पिअर-तासांचा (एएच), म्हणजे बॅटरीत वीज किती मावते त्याचा. स्वस्तातला सेल दीड एएचचा धरला तर 18 गुणिले 1.5, म्हणजे 27 वॉट-तास. गवतात घातल्यावर मोटर अडीचशे वॉट ओढत असेल तर सहा-साडेसहा मिनिटं. घड्याळ लावून बघितलं तर जवळपास तेवढीच भरली. बॅटरी खराब नव्हती, चार्जिंगही नीट होतं. वरचं स्टिकर तेवढं खोटं होतं.

दिरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, कुंड्यांच्या कडेचं बारीक गवत तरी जातंय ना. ते खरं आहे. दहा बाय दहाचा हिरवळीचा तुकडा असणाऱ्याला ते मशीन चालून जाईल.

31 मे, शनिवार

खरेदी झाली.

घरात भिंतीला भोकं पाडायचं 18 व्होल्टचं ड्रिल आहे, त्याची 2 एएचची बॅटरी आणि चार्जर आहे. त्याच कंपनीचा ट्रिमर बॅटरीशिवाय मिळतो हे मला आधी माहीत नव्हतं. नुसतं मशीन 5,400. 4 एएचची एक बॅटरी 5,800. मशीनपेक्षा बॅटरी महाग बघून यांनी कपाळाला हात लावला, पण खरी खरेदी तीच आहे. दांडा, मोटर आणि तंगुसाचं (फिरून गवत कापणाऱ्या नायलॉनच्या दोरीचं) रीळ यात फारसं काही नसतं. घरात ज्या कंपनीची बॅटरी आधीच आहे त्याच कंपनीचा ट्रिमर बघा. नसेल तर पुढं ड्रिल, ब्लोअर, फवारणी पंप यातलं काय घ्यायचं आहे ते ठरवून मग कंपनी निवडा. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही.

4 एएचची बॅटरी दुकानातल्याच काट्यावर ठेवायला लावली. 640 ग्रॅम, म्हणजे आत दहा सेल. दुकानदार हसला, पण ठेवली.

त्यानं मला आधी विचारलं होतं, "वहिनी, साहेब आले नाहीत?" मी म्हटलं, गवत मी कापणार आहे, साहेब चहा करणार आहेत. मग त्यानं दांडा लहान-मोठा करून हातात दिला. हे दुकानात करून बघणं फार गरजेचं. माझी उंची पाच फूट. तिथं ठेवलेला दुसरा एक ट्रिमर सगळ्यात आखूड करूनही मला हात खांद्याच्या वर धरावा लागत होता. कंबरेतनं वाकावं लागू नये आणि कोपर ताणलं जाऊ नये, अशा उंचीला दांडा बसला पाहिजे. घेतलेलं मशीन 4 एएचच्या बॅटरीसकट तीन किलोच्या आत आहे. दोन वेग आहेत, मोटर ब्रशलेस आहे, त्यामुळं कार्बन झिजायची भानगड नाही.

पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारला: याचं सुटं रीळ आणि वरची टोपी कोल्हापुरात मिळते का? दाखवा. त्यानं खोक्यातनं काढून दाखवली, तेव्हा पाकीट उघडलं. ही टोपी हरवली किंवा फुटली की दोनशे रुपयांच्या प्लास्टिकसाठी सगळं मशीन अडून राहतं.

खर्च: मशीन 5,400, बॅटरी 5,800, गॉगल 150, गमबूट 450, सुटं रीळ 380. एकूण 12,180.

8 जून, रविवार

मृग लागला, आज दुपारी उघडीप होती. पहिली खरी कापणी.

जोडणी सोपी. खालचं अर्धगोल कव्हर स्क्रूनं बसतं, त्याच्या कडेला एक बारकं पातं असतं. तंगूस लांब झाला की ते पातं जादा तुकडा छाटतं. कव्हर आडवं येतं म्हणून बरेच जण ते काढून ठेवतात. मग तंगूस लांबच राहतो, मोटरवर ओझं पडतं, बॅटरी पळते आणि माती-खडे थेट नडगीवर येतात. कव्हर ठेवा.

2 एएचमध्ये दारापुढची पट्टी आणि एक बोळ झाली. 4 एएचमध्ये परड्याचा बहुतेक भाग. राहिलेला कोपरा चार्जिंगनंतर. ड्रिलचा चार्जर छोटा असल्यानं मोठी बॅटरी भरायला दोन तासांच्या वर गेले. जलद चार्जर निराळा मिळतो, पण अजून घेतलेला नाही. दोन बॅटऱ्या, मध्ये चहा, असं बसवता येतं.

कापताना सुरुवातीला मी तंगूस गवतात खुपसत होते, विळ्याची सवय. त्यानं रीळ भराभर संपलं. कापतं ते तंगुसाचं टोक, मधला भाग नाही. मशीनचं डोकं किंचित तिरकं धरायचं, टोकानं गवताला नुसतं शिवायचं, आणि एका लयीत डावी-उजवीकडं फिरत पुढं जायचं. कव्हरवर फिरायची दिशा दाखवणारा बाण असतो. ज्या बाजूनं गवत आपल्यापासून लांब फेकलं जातं ती बाजू वापरली की कपडे कमी भरतात.

आमचा कंपाउंड जांभ्याचा आहे, खरबरीत. त्याला टोक घासलं की तंगूस संपलाच म्हणून समजा. भिंतीलगतची चार बोटं गवत विळ्यानं काढायची, असं आजच ठरवून टाकलं.

22 जून, रविवार

मधल्या रविवारी संततधार, कापता आलं नाही. पंधरा दिवसांत गवत गुडघ्याला.

आजचा दिवस वाईट गेला. उंच ओलं गवत मुळातनं कापायला गेले की ते डोक्याभोवती गुंडाळतं, मोटर घुमते आणि बंद पडते. थोडं थांबून चालू केलं, पुन्हा बंद. ही मोटरची स्वतःला वाचवायची सोय आहे, बिघाड नाही. पण तेवढ्यात बॅटरी इतकी तापली की चार्जरला लावल्यावर लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला. गरम लिथियम बॅटरी चांगला चार्जर घेत नाही. फरशीवर सावलीत ठेवून दिली, अर्ध्या तासानं आपोआप चार्जिंग सुरू झालं. फ्रिजमध्ये ठेवू का, असं पोरीनं विचारलं. नको, थंड बॅटरी दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरतं.

तोडगा निघाला तो असा: आधी वरचं अर्धं गवत, गुडघ्यापासून पोटरीपर्यंत, पूर्ण वेगानं. ते बाजूला ओढून मग खालचं. म्हणजे तेच परडं दोनदा कापायचं आणि बॅटरी दुप्पट लागणार. सगळं परडं आज झालंच नाही, निम्मं उद्यावर.

यातनं एवढं कळलं की हे मशीन वाढलेलं गवत कापायचं नाही, गवत वाढू न द्यायचं आहे. घोट्याच्या वर गेलं की कापायचं, मग रविवार असो वा नसो. जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत आठ-दहा दिवसांच्या आत एक हात फिरलाच पाहिजे, आणि पावसानं जी उघडीप दिली ती घ्यायची. उघडीप मिळाल्यावरही तास-दोन तास थांबायचं. पाण्याचे थेंब झडून गेलेलं गवत आणि नुकतं भिजलेलं गवत यांत कापायला फार फरक आहे.

29 जून, रविवार

रीळ अडकलं. खाली आपटलं की तंगूस बाहेर यायला हवा, तो येईना. उघडून बघितलं तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेले. उष्णतेनं नायलॉन वितळतं आणि एक वेढा दुसऱ्याला धरतो. कारण मागच्या वेळी रीळ भरताना मी काठोकाठ भरलं होतं, आणि वेढे एकावर एक आडवेतिडवे. आता रिळावरच्या बाणाच्या दिशेनं, शेजारी शेजारी ओळीनं, कड तीन-चार मिलिमीटर मोकळी ठेवून गुंडाळते. तेव्हापासून ठीक.

तंगुसाची गोष्ट जरा सविस्तर. उद्यमनगरात दुकानदारानं 2.4 मिलिमीटरचा मोठा गुंडा दाखवला. आमच्या मशीनचा 1.6 आहे. "जाड घ्या ताई, तुटायचा नाही." घेतला. 260 रुपये. तुटत नव्हता हे खरं, पण जाड तंगूस फिरवायलाच मोटरचा निम्मा दम जात होता, आणि एक बॅटरी पूर्वीच्या जेमतेम दोन-तृतीयांश वेळ टिकली. रिळात मावतही कमीच. तो गुंडा आता वाळत घालायच्या दोरीच्या कामाला लागला आहे. पुस्तिकेत जी जाडी लिहिली आहे तीच घ्यावी. पेट्रोलच्या मशीनवाल्यांचा सल्ला आपल्या मशीनला लागू पडत नाही.

त्याच दुकानदारानं लोखंडी चकतीही पुढं केली. ती नको. तंगुसासाठी बनवलेल्या हलक्या दांड्याला लोखंडी पातं लावलं आणि ते दगडाला किंवा खुंटाला बसलं तर सगळा दांडा उलटा अंगावर येतो. साखळीचे तुकडे लावलेली डोकीही विकायला असतात. तुटून उडालेल्या कडीनं माणूस गेल्यावर युरोपात 2012 साली त्यांच्यावर बंदी घातली. मूळ कल्पनाच मऊ दोरीची आहे. ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलास यांनी 1971 मध्ये गाड्या धुणारे फिरते ब्रश बघितले आणि पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यातनं मासेमारीचा तंगूस ओवला. झाडाच्या बुंध्याभोवतीचं गवत काढायला म्हणून. पुढं बुंध्याचं काय होतं ते आमच्याकडं ऑगस्टमध्ये दिसलं, त्याची नोंद खाली येईल.

जुना तंगूस उन्हाळ्यात ठेवून कडक झाला असेल तर वापरायच्या आधी रात्रभर पाण्यात टाका. नायलॉन पाणी पितं आणि लवचिक होतं. पावसाळ्यात याची गरज नाही, हवाच ते काम करते.

6 जुलै, रविवार

स्वयंपाकघराच्या खिडकीची काच गेली. 350 रुपये आणि काचवाल्याची वाट बघण्यात दोन दिवस.

बोळीत बांधकामाच्या वेळची खडी अजून आहे, गवताखाली दिसत नाही. 26 सेंटिमीटरचा व्यास आणि मिनिटाला साडेसात हजार फेरे धरले तर तंगुसाचं टोक सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतं. त्यापुढं हरभऱ्याएवढा खडा म्हणजे गोफणगुंडाच. आता आधी दाताळ्यानं खडी ओढून घेते, बोळीत कमी वेग लावते, आणि खिडकीला पत्र्याचा तुकडा टेकवते. पुस्तिकेत लिहिलंय की आजूबाजूला 15 मीटरपर्यंत कुणी नको. तीन गुंठ्यांत 15 मीटर म्हणजे सगळ्यांनी घरात बसायचं आणि गाडी रस्त्यावर लावायची. तसंच करतो. गॉगलशिवाय बटन दाबायचं नाही.

गमबूट खड्यांसाठी तर आहेतच, पण त्याहून जास्त सापांसाठी. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चारही आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की ते कोरड्या जागेला येतात. कापायच्या आधी काठीनं गवत झोडपत एक फेरी मारायची, थोडं थांबायचं, मग मशीन. आज अळूजवळनं एक धामण निघाली. मामांनी तिला भिंतीपलीकडं जाऊ दिलं आणि मला अर्धा तास काही कापू दिलं नाही.

13 जुलै, रविवार

मागच्या गल्लीत दोन म्हशी असणारे काका आहेत. गवत कापताना बघून बुट्टी घेऊन आले. "वैरण फुकट घालवतीस व्हय ग?" मलाही बरं वाटलं, भरून दिली. दुसऱ्या दिवशी तेच सांगत आले की म्हशीनं तोंड लावलं नाही.

बरं झालं लावलं नाही. ट्रिमर गवत कापत नाही, फाडतो. बोटभर तुकडे, त्यात माती उडालेली. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक कापणीत तंगूस झिजतो. रिळातनं कमी होणारा सगळा नायलॉन गवतातच पडतो. ते जनावराच्या पोटात जायला नको. काकांना आता मागचा एक वाफा राखून ठेवलाय, तिथं मी मशीन नेत नाही. ते विळा घेऊन येतात, भारा बांधतात आणि जाताना कधी तरी तांब्याभर दूध ठेवून जातात. माझं तेवढं कापायचं वाचलं.

ट्रिमरनं निघालेलं चगाळ मी झाडांच्या आळ्यात घालत होते. तंगुसाचे लांब तुकडे दिसले की वेचून काढते. बारीक कण राहणारच, म्हणून अळूच्या आणि भाजीच्या जागेत घालत नाही.

1 ऑगस्ट, शुक्रवार

श्रावण लागला. आज जिवतीची पूजा, आणि सकाळी आत्यांनी (सासूबाई) विचारलं, "आघाडा कुठाय?" आघाडा मी मागच्याच आठवड्यात साफ केला होता. दूर्वाही. आमच्या घरात आजवर हराळी कमी पडली नव्हती. शेवटी शेजारच्या प्लॉटातनं आणलं.

आत्यांनी दुपारी स्वतः उभं राहून तुळशीमागचा कोपरा आखून दिला. चार विटा उभ्या लावल्या, त्याच्या आत मशीन न्यायचं नाही. गणपतीला 21 दूर्वांच्या जुड्या लागणार, आणि दूर्वा तीन पात्यांची, कोवळी पाहिजे. यात एक गंमत आहे. हराळी बुंध्यापर्यंत कापून दहा-बारा दिवस सोडली तर कोवळे शेंडे भरपूर येतात. म्हणून त्या कोपऱ्यात चतुर्थीच्या दोन आठवडे आधी एकदा कात्रीनं छाटून घ्यायचं ठरलं. आत्यांना ते पटायला वेळ लागला.

10 ऑगस्ट, रविवार

कढीपत्त्याचं एक रोप गेलं.

गेल्या महिन्यात भाचा आला होता, हौसेनं मशीन मागून घेतलं. काम चांगलं केलं, पण रोपाच्या बुंध्याभोवती गोल फिरवला. तेव्हा बुंध्याला नुसती हिरवी रेघ दिसत होती. झाडाची साल आणि तिच्या आतला पातळ थर यातनंच पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडं जातं. ती साल सगळीकडनं सोलली गेली की मुळं उपाशी राहतात. वरची पानं काही दिवस हिरवी दिसतात, म्हणून कळत नाही. आता पानं पिवळी होऊन गळाली आहेत. चिकूला एकाच बाजूनं लागलं होतं, तो भरून येतोय.

उपाय वीस रुपयांचा. प्लंबरकडनं चार इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे आणले, उभे चिरले, बुंध्याला घातले. झाड वाढलं की तुकडा आपोआप उघडत जातो. आत पाणी आणि मुंग्या साठू नयेत म्हणून खाली दोन भोकं पाडली. त्याशिवाय बुंध्याभोवती हातभर जागेतलं गवत खुरप्यानं काढून पालापाचोळा पसरला आहे. ज्यांच्याकडं कलमं नवीन आहेत त्यांनी हे मशीन घ्यायच्या आधीच करावं. पन्हाळ्याच्या बाजूला एकांच्या काजूच्या बागेत मजुरांनी ब्रश कटर फिरवल्यावर अशीच रोपं वाळलेली बघितली आहेत.

24 ऑगस्ट, रविवार

गेला आठवडा पावसाचा होता. या दिवसांत कोल्हापुरात कुणीही भेटलं की आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतं. 39 फूट इशारा, 43 धोका. गवत कुणाच्या लक्षात असणार. आज उघडीप मिळाली आणि बुधवारी गणपती, म्हणून दारापुढची पट्टी आणि बोळी करून घेतल्या. परडं गौरीच्या आधी. आत्यांच्या कोपऱ्यात दूर्वा झकास आल्या आहेत.

14 सप्टेंबर, रविवार

ट्रिमरनं काय होत नाही त्याची नोंद, कारण घेताना कुणी सांगत नाही.

लव्हाळा. कापला की आठवड्यात पुन्हा तेवढाच. जमिनीखाली गाठी असतात, त्यांना वरच्या कापणीचं काही वाटत नाही. हराळी दाट होत गेली की लव्हाळा थोडा मागं हटतो एवढंच. जिथं तो नकोच आहे तिथं ओल्या मातीत खुरपं खोल घालून गाठीसकट काढायला लागतो. मामा रोज सकाळी एक हात जागा करतात. मशीन आल्यापासून त्यांचं खुरपं कमी झालेलं नाही.

गाजर गवत. 1955 साली पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि आज ते प्रत्येक रिकाम्या प्लॉटात आहे. फुलावर आलेल्या गाजर गवताला ट्रिमर लावू नका. रस आणि परागकण तोंडावर, मानेवर उडतात. मला दोन दिवस हात खाजत होते, ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांना दमही लागतो. ते फुलायच्या आधी, पावसानं माती मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. कापलं तर बुडातनं पुन्हा फुटतं.

आणि सपाट हिरवळ. ट्रिमरनं कापलेल्या जागेला खाचखळगे राहतातच. गालिच्यासारखं हवं असेल तर ढकलायचं लॉन मोवर निराळं घ्यावं लागेल. आम्हाला साप दिसला पाहिजे आणि डास कमी झाले पाहिजेत, एवढंच हवं होतं.

आतापर्यंतचा खर्च: सुरुवातीचे 12,180, वाया गेलेला गुंडा 260, योग्य जाडीचा तंगूस 220, काच 350, पाइप 20. एकूण 13,030. विजेचं म्हणाल तर मोठी बॅटरी पूर्ण भरायला युनिटचा दहावा भागही लागत नाही. माणूस लावून एका पावसाळ्यात तीन-साडेतीन हजार जायचे. म्हणजे पैसे वसूल व्हायला चौथा पावसाळा उजाडेल, आणि तोपर्यंत बॅटरी टिकली पाहिजे. निव्वळ पैसे वाचवायला घेणार असाल तर विचार करा. मी घेतलं ते कुणाची वाट बघावी लागू नये म्हणून.

1 ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. मामांनी खुरपं, विळा, कुदळ, ड्रिल सगळं मांडलं, त्यात ट्रिमरही. पूजेसाठी म्हणून आधी नीट साफ केला, तेव्हा डोक्याच्या आत, मोटरच्या आसाभोवती गवताच्या वाळलेल्या दोऱ्यांचा जाड वेढा निघाला. बाहेरनं दिसत नव्हता. दर दोन-तीन कापण्यांनी टोपी काढून हा बघायला हवा होता, कारण तो आत घासत राहिला की मोटरचं बेअरिंग तापतं. साफ करताना बॅटरी काढून ठेवा. पाण्याचा पाइप लावू नका. ओलं फडकं आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो.

12 ऑक्टोबर, रविवार

पाऊस उघडला, हराळी पिवळी पडायला लागली. आज बहुधा या साली शेवटची कापणी.

दोन्ही बॅटऱ्या मशीनमधनं काढल्या. लिथियम बॅटरी महिनोन् महिने ठेवायची तर पूर्ण भरलेली नको आणि पूर्ण रिकामीही नको. चारपैकी दोन दिवे लागतील एवढी ठेवली. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायची नाही, एप्रिलमध्ये तिथं हात लावता येत नाही एवढा पत्रा तापतो. कपड्यांच्या कपाटात खालच्या खणात ठेवली, सोबत चिठ्ठी: जानेवारीत दिवे बघणे. छोटी बॅटरी ड्रिलला अधूनमधून लागतेच, तिचा प्रश्न नाही. तंगूस सुती पिशवीत, उन्हापासून लांब.

एक काम राहिलंय. दांडा लहान-मोठा करायच्या क्लॅम्पच्या प्लास्टिकच्या खिट्टीला चीर गेली आहे. कापताना दांडा हळूहळू आखूड होत जातो. दुकानात खिट्टी सुटी मिळत नाही, पूर्ण दांडा घ्या म्हणाले, 1,900. यांच्या ओळखीचा उद्यमनगरातला एक लेथवाला ॲल्युमिनिअमची करून देतो म्हणतोय. नमुना म्हणून जुनी खिट्टी सोमवारी त्याच्याकडं द्यायची आहे.